कॉम्प्युटर मॉडेलिंगने डासांवरचं चांगलं क्रीम खरंच तयार करता येतं का?

येतं, आणि केलेलंही आहे. पिकारिडिन हे रसायन बायर कंपनीने १९८० च्या दशकात रेणूंचं मॉडेलिंग करूनच शोधलं.

पद्धत अशी: आधी तपासलेल्या रसायनांची रचना आणि त्यांनी डास किती वेळ दूर ठेवले, ही माहिती संगणकाला द्यायची. कोणत्या आकाराचा, किती बाष्पशील रेणू टिकतो हे त्यातून तो शिकतो. इथेच खरी ओढाताण असते. पटकन उडणारं रसायन तासाभरात संपतं, फार जड असेल तर डासाच्या मिशांपर्यंत वाफच पोचत नाही.

२००८ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा संगणक-प्रोग्रॅम) वापरून असे काही रेणू निवडले. त्यांतले काही कापडावर डीट या जुन्या रसायनाच्या तिपटीहून जास्त टिकले. गंमत म्हणजे ते मिरीतल्या पायपरिन या तिखट रसायनाच्याच कुळातले, म्हणजे आपल्या कुळागरात पोफळीवर चढणाऱ्या मिरीचे नातेवाईक! (म्हणून मिरपूड अंगाला चोळू नका.)

पण कापड वेगळं आणि गोव्याच्या दमट हवेत घामाने भिजलेली कातडी वेगळी. शिवाय त्वचेवर सुरक्षित आहे का, हे मॉडेल फार तर सुचवतं. खात्री चाचण्यांतूनच होते, आणि वेळ-पैसा तिथेच जातो. तोवर दुकानात डीट किंवा पिकारिडिन लेबलवर बघून घ्या. पणजीत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टेफेन्सी बांधकामांवरच्या साठलेल्या पाण्यात वाढतो, ही पैदास मात्र कुठल्याच क्रीमने थांबत नाही, पाणीच उपसावं लागतं.