लॅपटॉपवर बरोबर, सेन्सरवर चूक? रूपांतराचे फोटो तपासा

जालन्याच्या दादा, तुमचं एआय मॉडेल लॅपटॉपवर मोसंबी नीट ओळखतं आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या एआय कॅमेऱ्यावर चांगली फळंही डागी ठरवतं, हे वाचून आमचा लातूरचा तुरीचा सीझन आठवला. आडतीवर ट्रकमध्ये चढणारे कट्टे मोजायचे होते. लॅपटॉपवर हिशोब चोख, सेन्सरवर हमालाची पाठही कट्टा!

केबल, फोकस तुम्ही बघितलंच असेल. माझा संशय रूपांतरावर आहे, म्हणजे लॅपटॉपवरचं मॉडेल कॅमेऱ्यात बसेल असं करण्यावर. या कॅमेऱ्यातल्या आयएमएक्स ५०० या सेन्सरमध्ये पिक्सेलच्या थराखालीच प्रोसेसर आहे आणि मेमरी अवघी ८ एमबी. त्यात बसवायला मॉडेलचे आकडे ३२ बिटांवरून ८ बिटांवर आणतात, म्हणजे ढोबळ करतात. मॉडेलच्या प्रत्येक थरातल्या आकड्यांचा पल्ला किती धरायचा, हे नमुन्याचे फोटो दाखवून ठरतं. ते फोटो फळं वाहणाऱ्या तुमच्याच पट्ट्यावरचे, तुमच्याच उजेडातले पाहिजेत.

आमचं रूपांतर एका सेवा केंद्रानं केलं, नाव घेत नाही. त्यांनी नमुन्याला स्वतःकडचे कुत्र्या-मांजरांचे फोटो घातले होते! तक्रार केली की आधी 'अडॅप्टर बदला', मग 'बोर्ड बदला', मग 'पुन्हा ट्रेन करावं लागंल, त्याचे पैसे वेगळे'. कोणते फोटो घातले ते लेखी मागितल्यावर कुठं खरं बाहेर आलं. तोवर तूर सरून हरभऱ्याची आवक सुरू झाली होती. पैसे परत? नाव काढू नका. माझं स्पष्ट मत आहे, नमुन्याचे फोटो न मागता जो रूपांतर करून देतो, त्याच्याकडं जाऊच नये.

८ बिटांचं मॉडेल सेन्सरवर चढवण्याआधी लॅपटॉपवरच चालवून बघा. तिथंच चुकलं तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. तिथं बरोबर आलं तर मात्र माझा अंदाज चुकला असं समजा. मी काही इंजिनिअर नाही.

जाता जाता: आपल्या विजेवर साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. पट्टा पळता असल्यानं एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, कमी ठेवावा लागतो, मग एक फ्रेम उजळ, एक काळी. डीसीवर चालणारे दिवे लावा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात कॅमेरा बंद डब्यात कोंबू नका. प्रोसेसर पिक्सेलला चिकटूनच तापतो, चित्रात दाणेदार ठिपके येतात.

आणि खाली ज्यांनी याच कॅमेऱ्यावर तूरडाळीतले खडे निवडायचं विचारलंय, त्यांनी सरळ सॉर्टेक्स, म्हणजे रंग बघून धान्य निवडणारं मशीन, घ्यावं. त्या वेगाला हे खेळणं पुरणार नाही.