सुट्टीवर आलेला नवरा रात्रभर जागा असतो, एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) न्यावं का?

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. नवरा राष्ट्रीय रायफल्समधली अडीच वर्षं संपवून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलाय. रात्री दोन-अडीचला उठतो, कड्या तपासतो, मग भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून बसतो. पोरानं झोपेतून हलवलं तर त्याचा हात पिरगाळला. पाइपलाइनसाठी रस्त्याकडेला खणलेला चर आला की मोटारसायकल थांबवून तुम्हाला उतरवतो. सासूबाई म्हणतात बाधा आहे, देवऋषाकडे न्या. तो म्हणतो, एमएचला गेलो तर 'एस', म्हणजे मनाच्या आजाराची, कॅटेगरी लागेल आणि हवालदारकी जाईल. म्हणून तुम्ही विचारताय, मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ का.

गोळ्या नकोत. एमएचलाच न्या, आणि याच सुट्टीत.

मी आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट, सुभेदार म्हणून पेन्शनला आलो. काही वर्षं पलटणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे छोट्या दवाखान्यात, काढली, काही मानसोपचार वॉर्डात.

आधी त्या चराचं सांगतो. काश्मीरमध्ये काफिला निघायच्या आधी पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघते. रस्त्याच्या दोन्ही कडा पायी बघत जायचं. ताजी उकरलेली माती कुठंय, काल नसलेला दगड आज कुठून आला, डबा कुणी टाकलाय. नजर चुकली तर पेरलेला स्फोट होतो, मागच्या गाडीतली माणसं जातात. हे अडीच वर्षं केलेल्या माणसाला झेलम एक्स्प्रेस दोन दिवसांत पुण्यात आणून सोडते. डोळे आणि कान मात्र तिकडच्याच ड्यूटीवर असतात. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत निवळतं. महिना उलटला, स्वप्नं थांबत नाहीत, दारू वाढतेय, घरातल्यांवर हात उठतोय, तर डॉक्टरनं बघायची वेळ झाली. त्याला पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणारा मनाचा आजार, आहे की आणखी काही, हे मी इथून सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकू नका.

सासूबाईंवर चिडू नका. माझी आजी सांगायची, पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून परतलेला एक म्हातारा गावात होता. रात्र रात्र ओट्यावर बसायचा. लोक म्हणायचे, बसऱ्याचं भूत मागे आलंय. तेव्हा दुसरा शब्दच नव्हता लोकांकडे. देवऋषाकडे जायचं तर जा, फक्त एमएचचं त्यापायी लांबवू नका.

आता कॅटेगरी. खोटा दिलासा देत नाही. फौजेत तब्येतीची श्रेणी 'शेप'नं ठरते. शेप म्हणजे एस, एच, ए, पी, ई, त्यातलं पहिलं अक्षर मनाचं. एस-1 म्हणजे ठणठणीत. तिथून खाली आलं की ती श्रेणी राहील तोवर प्रमोशन, कोर्स, हत्यारासह ड्यूटी यातलं काही ना काही अडकतं. मानसिक तक्रारीत सीओ साहेबांचा, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचा, अहवालही मागवतात, एएफएमएसएफ-10 म्हणतात त्याला. पोरं त्या कागदाला गोळीपेक्षा जास्त घाबरतात. पण सुरुवातीला मिळते ती बहुधा तात्पुरती श्रेणी. ठरावीक आठवड्यांनी पुन्हा मेडिकल बोर्ड बसतं, आणि वेळेत आलेली पोरं परत एस-1 होऊन पलटणीत गेलेली मी स्वतः पाहिलीत. ज्यांची नोकरी खरंच गेली ती बहुतेक लपवणारी होती. पहाऱ्याच्या ड्यूटीवर काहीतरी घडलं किंवा दारूत सिनियरवर हात टाकला, मग प्रकरण डॉक्टरच्या हातात राहत नाही.

एक माझी चूक सांगतो. एमआय रूममध्ये एक लान्स नायक यायचा. पोटात आग पडते म्हणायचा. मी गोळी द्यायचो, रजिस्टरला नोंद करायचो, पुढचा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी आरएमओ साहेब, पलटणीचे डॉक्टर, नेमके समोर होते. त्यांनी पोटाला हातही लावला नाही. विचारलं, "सोता कब है?" पोरगा उभ्या उभ्या रडायला लागला. त्याचा बडी, म्हणजे जोडीदार, दीड महिन्यापूर्वी त्याच्या शेजारीच मारला गेला होता. त्याच्या वरच्यांपैकी एकानं त्याला सगळ्यांदेखत 'डरपोक' म्हटलं होतं, त्यानंतर तो फक्त पोटाबद्दल बोलायचा. माझ्या रजिस्टरात चार ओळी होत्या, चारही पोटाच्या. फौजी 'मन' म्हणत नाही, पोट, पाठ, डोकं म्हणतो. तुमचा नवराही डॉक्टरला तेच सांगेल. म्हणून सोबत तुम्ही जा, सासरे नकोत. आणि रात्री काय होतं ते तुम्ही सांगा.

उपचार म्हणजे शॉक देतात, ही गावातली समजूत सोडा. ठराविक पद्धतीनं बोलून त्या आठवणीतून पुन्हा पुन्हा नेतात, हळूहळू तिची धार जाते. सोबत सर्ट्रालिनसारखी गोळी, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. दुःस्वप्नांसाठी कधीकधी प्राझोसिन देतात, ती मुळात बीपीची गोळी. वॉर्डात दर महिन्याला कुणीतरी भांडायचं, मला बीपी नाही, डॉक्टर चुकला! मेडिकलवाला झोपेसाठी देईल ती अल्प्राझोलामच्या जातीतली. तिची सवय लागते, अचानक बंद केली तर त्रास होतो, आणि वर कँटीनची रम पडली तर श्वासावर येतं. रमनं झोप लागते हे खरं, पण तीच पहाटे तीनला उठवते.

लपवून सिव्हिल डॉक्टरकडे जाण्यात आणखी एक तोटा आहे, तो पेन्शनला आल्यावर कळतो. आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला असं ठरलं तर डिसॅबिलिटी पेन्शन मिळू शकते. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या धरमवीर सिंग निकालाचा आधार बरेच जण घेतात: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत जडला असं धरायचं. मात्र 2023 मध्ये नियम नव्यानं आलेत, त्यामुळे त्या निकालावर एकट्यावर विसंबू नका. सेवेत असताना एमएचला दाखवल्याचा कागद लागतो. आज तो ज्या कागदाला घाबरतोय, तोच. ज्यांच्याकडे नव्हता ते चाळिशीत पेन्शनला येऊन माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या रांगेत पहिल्यांदा तोंड उघडतात, तोवर निम्मं घर तुटलेलं असतं.

तो तयारच होत नसेल तर फोनपासून सुरुवात करा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. फौजींसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, 1 डिसेंबर 2023 ला त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. तुम्ही एकट्यानं फोन केलात तरी चालतं.

मरणाची भाषा काढली, कुणाला पैशांचे हिशेब समजावून द्यायला लागला, तर वाट बघू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच रात्री न्या आणि पलटणीला कळवा. फवारणीची औषधं आजच घरातून हलवा, कुलपात ठेवा.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की दिराशी बांधावरून वाद चालू आहे. ते सहज नाही, ताई. पोस्टवर बसलेल्या माणसाला घरची भाऊबंदकी फोनवर ऐकवली की तो तिथून काहीच करू शकत नाही, आणि रात्रभर तेच. सीओ साहेबांना अर्ज दिला तर ते कलेक्टरला पत्र लिहितात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही पाठपुरावा करतं. तो अर्ज या सुट्टीत लिहून घ्या, मसुदा हवा असेल तर मी देतो.

तुम्ही सातारच्या, म्हणजे पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा खडकीचं एमएच. आयकार्ड आणि लीव्ह सर्टिफिकेट बरोबर घ्या, सकाळच्या ओपीडीला पोचा. जाताना तो चर लागेलच. तो गाडी थांबवेल, तेव्हा काही बोलू नका. उतरा, पलीकडच्या कडेनं चालत जा, पुढे बसा.