अमेरिकेतला फेडरल खटला : वकीलपत्र कुणाला द्यावे?

प्रश्न : आमचा मुलगा एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करतो. वायर फ्रॉडच्या (फोन, इंटरनेट वापरून केलेल्या फसवणुकीच्या) आरोपाखाली एफबीआयने त्याला अटक केली असून तो अजून कोठडीत आहे. पहिल्याच तारखेला कोर्टाने त्याला वकील दिला. पण एडिसनमधले नातेवाईक म्हणतात, फुकटच्या वकिलावर विसंबू नका. आमच्या ग्रीन कार्डचे काम केलेल्या वकिलाला केस द्या. तो ४० हजार डॉलर मागतो आणि ‘नक्की सोडवतो’ म्हणतो. सोलापुरात बसून आम्ही काय ठरवावे?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : कोर्टाने दिलेला वकील घाईने सोडू नका. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात हे वकील फेडरल पब्लिक डिफेंडरच्या (सरकारी खर्चाने आरोपींचा बचाव करणाऱ्या) कार्यालयातले असतात, नाहीतर कोर्टाने मंजूर केलेल्या यादीतले खासगी वकील असतात. त्याच न्यायाधीशांपुढे, त्याच सरकारी वकिलांविरुद्ध ते सतत उभे राहतात, त्यामुळे त्यांना दुय्यम समजणे चूक आहे. हा वकील देताना ऐपत मुलाची पाहतात, आईवडिलांची नाही; मात्र तुम्ही खासगी वकिलाचा खर्च उचलायला तयार आहात असे कळवलेत, तर ते विचारात घेतले जाऊ शकते. म्हणून घर गहाण टाकण्याआधी मुलाच्या संमतीने या वकिलाशी एकदा सविस्तर बोला.

ग्रीन कार्डवाल्या वकिलाचे आश्वासन हेच त्याला नाकारायला पुरेसे कारण आहे. निकालाची हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही, आणि फौजदारी प्रकरणात निकालावर अवलंबून फी ठरवायला तिथल्या व्यावसायिक नियमांची मनाई आहे. शिवाय इमिग्रेशनचे काम वेगळे आणि फेडरल फौजदारी वेगळे. आपणही जमिनीच्या दाव्यांच्या वकिलाकडे खुनाचा खटला देत नाही.

खासगी वकील करायचाच असेल, तर त्याला राज्याची सनद आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का आणि न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात त्याची नोंदणी आहे का, हे पाहा. हे कोर्ट न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन इथे बसते. मग त्याच्याकडून त्याच कोर्टातल्या अलीकडच्या तीन-चार फसवणुकीच्या प्रकरणांचे क्रमांक मागा. ‘पेसर’ या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंदवही सोलापुरातूनही वाचता येते. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर लागतात, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा खर्च माफ असतो. अर्ज कुणी केले, सुनावणीला प्रत्यक्ष कोण उभे राहिले, शिक्षा किती झाली, हे तिथे बरेचसे दिसते. बोलणी बड्या वकिलाशी आणि तारखेला भलताच ज्युनिअर, असे होऊ नये म्हणून कोर्टात कोण उभे राहणार हे लिहून घ्या.

भेटीत शिक्षेचे गणित विचारा. फेडरल प्रकरणांपैकी बहुतेक गुन्हा कबूल करून मिटतात, म्हणून वकिलाची कसोटी इथेच लागते. शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसवणुकीत शिक्षेची शिफारस मुख्यतः नुकसानीच्या रकमेवर ठरते. ही मार्गदर्शक तत्त्वे २००५ पासून न्यायाधीशांवर बंधनकारक नाहीत, पण हिशेब तिथूनच सुरू होतो. १९८७ च्या नोव्हेंबरनंतरच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोल, म्हणजे मुदतीआधी सशर्त सुटका, नाही. चांगल्या वर्तनाची सूट शिक्षेच्या वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस.

तुमच्या मुलासाठी आणखी एक आकडा मोलाचा आहे. फसवणुकीतले नुकसान १० हजार डॉलरपेक्षा जास्त ठरले, तर इमिग्रेशन कायद्यात तो गंभीर गुन्हा धरतात आणि हद्दपारी जवळजवळ अटळ होते. म्हणजे कबुलीजबाबात रक्कम काय लिहिली जाते, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरू शकते. हद्दपारीचा धोका आरोपीला सांगणे हे बचाव वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. हा मुद्दा वकिलाने आपणहून काढला नाही, तर दुसरा शोधा.

जामिनाचेही तसेच. नवी, महत्त्वाची माहिती असेल तर सुनावणी पुन्हा मागता येते. पासपोर्ट जमा करणे, हमी द्यायला तिथले नातेवाईक, राहायला ठरलेला पत्ता ही तयारी लागते. पण जामिनावर सुटताच इमिग्रेशन खाते त्याला ताब्यात घेईल का, हे आधी विचारा. ‘जामिनासाठी आजच पैसे पाठवा’ असा फोन आला, तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

फीचा करार लेखी हवा : रक्कम कबुलीपर्यंतची की पूर्ण खटल्याची, तज्ज्ञ आणि तपासनिसाचा खर्च वेगळा का, उरलेली फी परत मिळेल का. वकिलाने एकदा कोर्टात हजेरी नोंदवली की त्याला परवानगीशिवाय बाजूला होता येत नाही, म्हणून हे आधीच ठरवा. पैसे फर्मच्या खात्यातच भरा. आपल्या बँकेतून माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. अशा कामासाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) कापतात, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

फी तुम्ही भरलीत तरी अशील मुलगाच. त्याच्या परवानगीशिवाय वकील तुम्हाला काही सांगणार नाही आणि सांगूही नये. तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात आणि मराठी बोलण्याचे भाषांतर करून घेतले जाऊ शकते. त्याच्याशी जेवणखाण, तब्येत बोला. प्रकरणाबद्दल एक शब्दही नको. त्याने मागणी केली, तर न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला अटकेची खबर दिली जाते. तिथले अधिकारी भेटू शकतात, पण खटला लढत नाहीत.

प्रश्न : टेक्सासमधल्या पुतण्याला अटक नाही, पण चौकशीचे ‘टार्गेट लेटर’ (तपासाचा रोख तुमच्यावर आहे, असे कळवणारे सरकारी वकिलांचे पत्र) आले आहे. त्याच्या भागीदाराने दोघांत एकच वकील करू असे सुचवले आहे.
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : स्वतंत्र वकील करा. उद्या भागीदार सरकारचा साक्षीदार झाला, तर सामायिक वकिलाचे हात बांधले जातात. दोघांवर आरोप झाल्यावर कोर्टही अशा सामायिक वकिलाबद्दल विचारणा करते. वकील मिळेपर्यंत पुतण्याने तपास अधिकाऱ्यांशी बोलू नये. ‘वकिलामार्फत बोलेन’ एवढे सांगणे पुरते. फेडरल अधिकाऱ्याला जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती देणे हाच पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपचे जुने मेसेज घाबरून पुसू नयेत, सोलापुरातून कुणी तसा सल्लाही देऊ नये. तपासात अडथळा आणण्यासाठी पुरावा नष्ट केला, तर शिक्षा २० वर्षांपर्यंत जाते.