वाचकांचे प्रश्न : लहानपणीची कार्टून आता बघताना

प्रश्न : लहानपणी जिवापाड आवडलेलं 'टॉम अँड जेरी' आता मुलीबरोबर पाहतो आहे. काही भाग आजही खिळवून ठेवतात, पण मध्येच एखादा इतका पडेल निघतो की तीही उठून जाते. मालिका तर एकच आहे, मग असं का?

उत्तर : नाव एकच आहे, पण बनवणारे बदलत गेले. शिवाय सगळ्यात चांगले भाग मुळात टीव्हीसाठी बनलेच नव्हते. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओसाठी केलेले, १९४० ते १९५८ या काळात प्रदर्शित झालेले ११४ लघुपट चित्रपटगृहात, मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे होते. त्यांतल्या सात लघुपटांना ऑस्कर मिळालं. सात मिनिटांच्या फिल्ममध्ये, सेकंदाला २४ प्रमाणे, १०,०८० चौकटी (फ्रेम) असतात, म्हणजे दर दोन चौकटींना नवं चित्र धरलं तरी एकेका पात्राची पाच हजारांवर चित्रं होतात. एवढी मेहनत परवडायची, कारण ती मोठ्या पडद्यासाठी होती.

१९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला, आधी तयार झालेले लघुपट तेवढे १९५८ पर्यंत येत राहिले. १९६१-६२ चे १३ भाग जीन डाइच यांनी प्राग शहरात, फारच कमी पैशांत केले. हालचाल झटके देणारी आणि आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमणारे असले, तर तो भाग बहुधा या तेरांपैकी आहे. १९६३ ते १९६७ चे ३४ भाग चक जोन्स यांचे. त्यांत टॉमच्या भुवया जाड आहेत आणि जेरीचे डोळे व कान मोठे. चित्रं देखणी, पण पाठलागाची धार कमी. १९७५ ची मालिका मात्र खास टीव्हीसाठी केलेली. मुलांच्या कार्यक्रमांतल्या मारामारीवर तेव्हा कडक बंधनं होती, म्हणून दोघांना चक्क मित्र केलं आणि जेरीच्या गळ्यात लाल बो बांधला. मुलगी उठून जाते त्या भागात हा बो दिसतो का, पाहा.

ओळखायची आणखी एक खूण म्हणजे संगीत. पहिल्या काळातल्या जवळजवळ सगळ्या लघुपटांना स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत आहे आणि ते पावलागणिक हालचालीला बांधलेलं आहे. टॉम चवड्यांवर दबकत निघाला की वाद्यंही दबकतात, तो आपटला की सगळा वाद्यमेळ आपटतो. दोन मिनिटं डोळे मिटून ऐका. काय चाललंय ते नुसत्या संगीतावरून कळत असेल, तर तो भाग बहुधा जुनाच.

प्रश्न : योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय का? बाकी अंगावर कपडे नाहीत!

उत्तर : चित्रं वाचवण्यासाठी. टीव्हीच्या तुटपुंज्या पैशांत पूर्ण शरीर पुन्हा पुन्हा काढणं शक्य नव्हतं. म्हणून धड एका सेलवर, म्हणजे चित्र काढायच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर, स्थिर ठेवायचं आणि डोकं किंवा नुसतं तोंड दुसऱ्या सेलवर हलवायचं. दोन्हींचा सांधा कॉलरखाली लपतो. धावताना मागे तेच झाड पुन्हा पुन्हा येतं, तेही याच काटकसरीमुळे. विशेष म्हणजे ही युक्ती वापरणारे पुन्हा हॅना आणि बार्बेराच. चित्रात गमावलेलं त्यांनी संवाद आणि आवाजांच्या जोरावर भरून काढलं.

प्रश्न : नव्या मोठ्या टीव्हीवर जुनी कार्टून विचित्र दिसतात. पात्रं तेलावरून घसरल्यासारखी हलतात, चेहरे रुंद वाटतात. प्रती खराब आहेत का?

उत्तर : आधी टीव्हीची सेटिंग तपासा. घसरण्याचं कारण बहुधा 'मोशन स्मूदिंग'. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं बनवून घालतो. क्रिकेटला ते चालून जातं. कार्टूनमध्ये एखादी पोज मुद्दाम दोन-तीन चौकटी धरलेली असते आणि पुढच्या चित्रात पात्र एकदम झेपावतं. त्या झेपेतच सगळी गंमत असते, आणि टीव्ही नेमकी तीच पुसून टाकतो. पिक्चर सेटिंगमध्ये सोनीवर 'मोशनफ्लो', एलजीवर 'ट्रूमोशन', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' शोधा आणि पूर्ण बंद करा. 'लो' वर ठेवून भागत नाही.

मग चित्राचा आकार. जुनी टीव्ही कार्टून ४:३ आकाराची (रुंदी ४, उंची ३) आहेत. ती १६:९ पडद्यावर ताणली की सगळं एक तृतीयांशाने रुंद होतं. चित्रातला चेंडू किंवा गाडीचं चाक लंबगोल दिसलं तर आकार ४:३ किंवा 'ओरिजिनल' करा, डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येऊ द्या. चाक गोल आहे, पण पात्रांची डोकी किंवा पावलं सतत कापली जात असतील, तर वरखालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा कातरलेला आहे. टीव्हीचा 'झूम' बंद असूनही तसंच दिसलं, तर ते प्रतीतच झालेलं असतं, टीव्हीवर सुधारत नाही. दुसरी प्रत शोधावी लागेल.

प्रतीतले आणखी दोन दोष सांगतो. 'स्वच्छ' केलेल्या काही आवृत्त्यांत धूळ पुसणारं सॉफ्टवेअर बारीक, वेगाने हलणाऱ्या रेषांनाच धूळ समजतं. धावत्या मांजरावर पॉज करा आणि मिशा व बोटांच्या कडा पाहा. रेषा मध्येच तुटलेल्या दिसल्या तर चित्रकाराची रेघ खरवडली गेली आहे. अशा चकचकीत प्रतीपेक्षा थोडी धूळ असलेली प्रत केव्हाही घ्यावी. दुसरा दोष वेगाचा. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५ चौकटींच्या पाल या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीसाठी तशीच चालवली की सात मिनिटांचा भाग सुमारे १७ सेकंद आधी संपतो आणि आवाज बारीक होतो. अशी प्रत ऐकून वाढलेल्यांना मूळ आवाजच जड वाटतो.

प्रश्न : 'ही-मॅन' पुन्हा पाहिलं आणि जीव हळहळला. इतकं साधं होतं हे? माझी आठवण खोटी होती का?

उत्तर : आठवण खोटी नाही, ती दुसऱ्याच गोष्टीची होती. १९८३ साली आलेली ही मालिका मॅटेल कंपनीच्या खेळण्यांवर बेतलेली होती आणि एका हंगामात तब्बल ६५ भाग द्यायचे होते. त्यामुळे फिल्मेशन स्टुडिओने एकदा चांगलं काढलेलं धावणं, उडी, ठोसा साठवून ठेवलं आणि तेच तुकडे वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर पुन्हा वापरले. दोन भाग लागोपाठ लावा, तोच ठोसा त्याच कोनातून दिसेल. आठवड्यात एखादा भाग पाहणाऱ्या लहान डोळ्यांना ते जाणवत नसे, आणि शीर्षकगीत लागलं की बाकी सगळं मन भरून घेई.

निवाडा करायचाच असेल तर शीर्षकगीत वगळा, आवाज बंद करा, आणि आठवणीतला सर्वोत्तम भाग न घेता कुठलाही मधला भाग निवडा. चालण्याचा एक प्रसंग घ्या. संगणकावर व्हिडिओ पाहायच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' कळ दाबली की चित्र एक-एक चौकट पुढे सरकतं. २४ चौकटींत किती चित्रं खरोखर बदलली ते मोजा. बारा आली तर उत्तम काम, आठ असली तरी चांगलं असू शकतं. आकड्यापेक्षा हे पाहा : पाऊल टेकताना अंगाचा भार खाली जातो का, की नुसते पाय कात्रीसारखे हलतात? हाच निकष नव्या कार्टूनलाही लावा. आजच्या कित्येक मालिका या परीक्षेत जुन्यांना सहज मागे टाकतात.

प्रश्न : आजच्या कार्टूनचा वेग मुलांना घातक आहे का?

उत्तर : २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या ६० मुलांवर प्रयोग झाला. काहींना नऊ मिनिटं वेगवान कार्टून दाखवलं, काहींना संथ, तर काहींना चित्रं काढायला दिली. लगेच घेतलेल्या चाचणीत वेगवान कार्टून पाहणारी मुलं आत्मसंयमात मागे पडली. पण त्याच प्रयोगाच्या प्रमुख संशोधिकेच्या २०१५ मधल्या पुढच्या कामात वेगापेक्षा अद्भुत, अशक्य घटनांचा परिणाम जास्त दिसला. दोन्हींत मोजला तो तात्पुरता परिणाम. म्हणून अभ्यासाच्या किंवा झोपेच्या आधी असं कार्टून टाळा, खेळून आल्यावर लावा. आणि मूल वयाने लहान असेल तर एक मिनिटाचं घड्याळ लावून दृश्य किती वेळा बदलतं ते मोजा. त्या प्रयोगात वेगवान कार्टूनचं दृश्य सरासरी ११ सेकंदांनी बदलत होतं, संथ कार्टूनचं ३४ सेकंदांनी. मिनिटाला पाचच्या वर बदल मोजलेत, तर ते कार्टून वेगवान समजा.