वाचकांचे प्रश्न : चार्टर विमानाची जमिनीवरील व्यवस्था

प्रश्न : आमच्या कारखान्यासाठी जर्मनीहून एक अवजड यंत्र मालवाहू चार्टर विमानाने मुंबईत येणार असून ते बसवणारे तंत्रज्ञ त्याच आठवड्यात छोट्या खासगी विमानाने येतील. ग्राउंड हँडलिंगची (विमान जमिनीवर असताना लागणाऱ्या सेवांची) व्यवस्था आम्ही करायची की विमानाच्या ऑपरेटरने?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हँडलिंग एजन्सी सहसा ऑपरेटरच नेमतो. मात्र लँडिंग, पार्किंग आणि हँडलिंगचे शुल्क चार्टरच्या दरात धरले आहे की त्याचे बिल आपल्याकडे येणार, हे करारातच लेखी ठरवून घ्यावे, कारण वादाला तोंड फुटते ते बहुधा इथेच.

मुंबईत सर्वांत आधी पाहायची ती वेळ. येथील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या तासांत नियमित सेवेबाहेरच्या विमानाला स्लॉट (उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ) मिळणे कठीण असते. स्लॉट, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी आणि पार्किंग या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय कोणालाही तारीख कळवू नये. हे व्यवहार यूटीसी वेळेत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) चालतात, म्हणजे आपल्याकडची 15 तारखेची पहाटे 3 ची वेळ कागदावर 14 तारखेची 21:30 अशी येते. ट्रक आणि क्रेन सांगताना ही तारीख पुन्हा पडताळून घ्यावी.

खासगी विमानाचे काम त्या मानाने सोपे आहे. प्रवासी कलिन्याच्या बाजूच्या जनरल एव्हिएशन (खासगी विमानांच्या) टर्मिनलवरून बाहेर पडतात. पार्किंग मिळाले नाही तर विमान तंत्रज्ञांना उतरवून दुसऱ्या विमानतळावर मुक्कामाला न्यावे लागते, आणि परदेशी विमान असेल तर तो टप्पाही परवानगीत आधीच नमूद असावा लागतो.

खरी काळजी यंत्राची घ्यावी. प्रत्येक पेटीचे वजन, लांबी-रुंदी-उंची, गुरुत्वमध्य आणि उचलण्याच्या जागा दाखवणारे रेखाचित्र एजन्सीकडे आगाऊ पोहोचले पाहिजे; त्यावरूनच मेन डेकच्या (विमानातील माल ठेवण्याच्या मुख्य मजल्याच्या) उंचीपर्यंत जाणारा आणि तेवढे वजन पेलणारा लोडर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे यंत्र, ठरतो. माल उतरवण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो, कारण पुढचा भार आधी काढला तर मागच्या वजनाने विमानाचे नाक वर उचलले जाऊ शकते, आणि म्हणून शेपटीखाली आधार लावतात. अशा कामात घाई करण्यासाठी एजन्सीवर दबाव आणू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे. खाली माणसे उभी असतात.

लाकडी पेट्यांवर आयएसपीएम 15 चा (लाकूड कीडमुक्त करण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का आहे का, हे जर्मनीतच तपासून घ्यावे. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टमसाठीचे घोषणापत्र) विमान येण्याआधी भरता येते. ते आपल्या कस्टम ब्रोकरकडून भरून घ्यावे, म्हणजे सहारच्या कार्गो संकुलात यंत्र विनाकारण पडून राहून विलंबशुल्क चढणार नाही. पावसाळ्यात माल येणार असेल तर ताडपत्री आणि आच्छादित वाहनाची मागणी कामाच्या आदेशातच लिहावी, कारण ऐन वेळी ॲप्रनवर (विमाने उभी करण्याच्या जागेवर) या वस्तू मिळतीलच असे नाही.