डोंगरावरची अकेशिया एका दमात तोडू नका

तुमचा प्रश्न असा: गोव्यात डिचोलीजवळ वडिलोपार्जित ८,००० चौरस मीटर डोंगराळ जमीन, बहुतेक भागात अकेशिया, मधे मधे काजू, खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला थोडी जुनी झाडं. पक्षी-प्राणी यावेत म्हणून सगळी अकेशिया यंदाच काढून देशी रोपं लावावीत का?

नको. अकेशिया काढा, पण एकदम नको. हे मी अनुभवानं सांगते, कारण मी तेच केलं होतं.

सत्तरीत आमचा १२,००० चौरस मीटरचा तुकडा आहे. उतारही तुमच्यासारखाच, आणि त्यावर तीच झाडं. २०१६ साली मी वरच्या अंगाची जवळपास २,००० चौरस मीटर जागा एका आठवड्यात मोकळी करून घेतली. चेनसॉ आली, लाकूड ट्रकात गेलं, आणि मला वाटलं अर्धं काम झालं. जूनमध्ये पाऊस पडला आणि त्या मोकळ्या जागेत अकेशियाची रोपं भाताच्या तरव्यासारखी दाट उगवली. ऑगस्टपर्यंत त्यांच्याही वर रानमोडी हे झुडूपवजा तण गेलं, माझ्या डोक्याएवढं. मी हौसेनं लावलेली शंभर देशी रोपं त्यात कुठे होती ते शोधायला कोयता घेऊन वाट काढावी लागली. निम्मी गुदमरून मेली. वरच्या उघड्या कडेची माती पावसानं व्हाळात आली, ती वेगळीच.

असं का होतं हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्याकडे जिला नुसतं अकेशिया म्हणतात ती उत्तर ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी आणि इंडोनेशियाच्या बाजूची. गोव्यात ती उघड्या डोंगरांवर आणि खाणींच्या डंपांवर मुद्दाम लावली गेली, कारण ती नापीक जांभ्या मातीतही भराभर वाढते आणि हवेतला नायट्रोजन मुळांशी धरते. तिची पिळवटलेली शेंग उघडून पाहा. काळं चकचकीत बी एका नारिंगी दोऱ्याला लोंबत असतं. तो दोरा खाण्यासाठी बुलबुल आणि साळुंक्या येतात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. बीचं कवच इतकं टणक की ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. उजेड मिळाला, आग लागली की सगळं एकदम जागं होतं. म्हणजे तुम्ही झाड तोडता तेव्हा खाली साठलेलं बियाणं तसंच असतं, आणि एकदम भरपूर ऊन देऊन तुम्हीच त्याला उठवता. रानमोडीचंही तसंच, तिला फक्त ऊन हवं.

उलट किंदळ, माट्टी (ऐन), भिरंड (कोकम), जांभूळ यांच्या रोपांना सुरुवातीला थोडी सावली चालते. आणि ही रोपं तुमच्या जमिनीत बहुतेक आधीच आहेत.

म्हणून कोयत्याच्या आधी एक पावसाळा नुसतं पाहण्यात घालवा. जुलैत गमबूट घालून आत शिरा (चापडा हा विषारी साप झुडपात बसलेला असतो, हात घालण्याआधी काठीनं हलवा) आणि खाली वाका. अकेशियाच्या सुक्या पानांचा थर बोटभर-वीतभर जाड असतो, तो लवकर कुजत नाही. पहिल्यांदा मी तो हातानं बाजूला केला तेव्हा खाली काही नसेल असंच वाटलं होतं. अर्ध्या तासात एका झाडाच्या बुंध्याभोवती मला अकरा रोपं सापडली, सगळी बोटाएवढी. चार किंदळाची, दोन भिरंडाची, एक काजऱ्याचं (कुचल्याचं), बाकीची तेव्हा ओळखता आली नाहीत. वर फांदीवर बुलबुल बसत असणार, खाली त्यांनी टाकलेलं आणि वाऱ्यानं व्हाळाकडून आणलेलं असं ते सगळं साठलेलं. ज्या झाडाला मी शत्रू समजत होते त्याच्याच पायाशी जुनं रान वाट पाहत बसलं होतं. त्या दिवसापासून मी तोडायच्या झाडांना खुणा करणं सोडलं आणि राखायच्या रोपांना खुणा करायला लागले. लाल कापडाच्या चिंध्या, प्रत्येक रोपाशेजारी एक काठी रोवून. कामाला येणाऱ्या माणसांना एवढंच सांगायचं: लाल दिसलं की तिथे पाय नाही, ओंडका नाही.

ओळखण्यात एक घोटाळा हमखास होतो. अकेशियाचं अगदी कोवळं रोप कोयतीसारख्या पानांचं नसतंच. त्याची पहिली पानं चिंचेसारखी बारीक दलांची असतात, नंतर देठच रुंद होऊन पानासारखा दिसायला लागतो. मी सुरुवातीला असली रोपं शिरीष समजून जपली होती. माट्टीचं पान उलटून पाहा, मागे देठाजवळ शिरेवर मसुरासारख्या गाठी दिसतात. भिरंडाची कोवळी पालवी तांबूस असते. चव घेऊन ओळखायच्या फंदात पडू नका, कारण काजराही तिथेच असतो आणि तो विषारी आहे. त्याचं पान चकचकीत, देठापासूनच तीन ते पाच ठळक शिरा फुटलेलं. विषारी म्हणून तो काढू मात्र नका. त्याची नारिंगी फळं धनेश आवडीनं खातात.

कायद्याचं आधी उरकून टाका. १९८४ च्या गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड परदेशी आहे म्हणून सूट नाही. जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर ५ सेंटीमीटर किंवा अधिक जाडीचं झाड तोडायचं तर वन खात्याच्या उपवनसंरक्षकांकडून, म्हणजे वृक्ष अधिकाऱ्यांकडून, परवानगी लागते. साल सोलून उभं मारणं हेही तोडण्यातच धरतात. त्याहून बारीक रोपं तुम्ही खुशाल उपटा. शिवाय तुमचा सर्वे नंबर खाजगी वनांच्या यादीत आहे का हे पाहून घ्या. खाजगी वन ठरवायचा ५ हेक्टरांचा निकष ऐकून आपली जमीन लहान म्हणून निश्चिंत राहू नका, शेजारच्या रानाला लागून असेल तर प्रश्न येऊ शकतो. एक आणि चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) घेऊन एकदा वन खात्यात जाऊन विचारणं बरं.

आता काम. व्हाळाकडून सुरुवात करा, कारण तुमची जुनी झाडं तिथे आहेत आणि बी तिथूनच वर चढणार. जिथे लाल चिंध्यांची गर्दी आहे, तिथल्या दोन-तीन अकेशिया काढा. एवढीच खिडकी. वरून पाहिलं तर ती शेजारच्या झाडाच्या उंचीपेक्षा रुंद दिसता कामा नये. मी वर्षाला अशा सहा-सात खिडक्या करते, जास्त नाही. जेवढ्या खिडक्या पुढच्या पावसाळ्यात मला स्वतः जाऊन खुरपता येतील तेवढ्याच. हा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा आहे. पैसे असतील तर दहा दिवसांत सगळा डोंगर उघडा करता येतो, पण पुढची तीन वर्षं तो खुरपायला दहा माणसं कुठून आणणार?

तोडायचा काळ ऑक्टोबर ते जानेवारी. फेब्रुवारीपासून तांबट आणि सुतार पक्षी ढोल्या कोरायला लागतात, मग पावसापर्यंत कोयता खाली. तोडताना अगदी जमिनीलगत तोडा. अकेशिया कमरेएवढ्या उंचीवर तोडली तर खोडाला धुमारे फुटतात, बुडाशी तोडली तर फार कमी. मुळं मात्र खणून काढू नका, उतारावरची माती त्यांनीच धरलेली असते. गिरिपुष्प असेल तर त्याची गोष्ट वेगळी, ते कितीही बुडाशी तोडा, परत फुटणारच. पावसाळ्यात दोनदा छाटून पाला माडांच्या बुडाशी घालायचा, तीन-चार वर्षांत ते दमतं. कुंपणाला असलेलं मी ठेवलं आहे.

सगळीच झाडं आडवी करायची गरज नाही. खिडकीच्या कडेच्या एक-दोन अकेशियांची साल छातीच्या उंचीवर हातभर रुंदीची पूर्ण गोल सोलून काढा, आतला ओला पांढरा थरही खरवडून टाका. झाड काही महिन्यांत उभ्या उभ्या वाळतं. त्यामुळे ऊन हळूहळू येतं, रोपांना धक्का बसत नाही. सुक्या फांदीवर पक्षी येऊन बसतात, बसले की जांभळाची, उंबराची, चाराची बी खाली पडते. माझ्याकडे उंबराची तीन झाडं अशी आपोआप आली, मी एकही लावलेलं नाही. दुसऱ्या वर्षी अशाच एका वठलेल्या खोडात तांबटानं ढोली केली. त्या गोल भोकातून बाहेर आलेलं डोकं मी खाली उभी राहून पाहिलं आणि घरी धावत जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं. वाटेवरची आणि घराजवळची झाडं मात्र अशी वाळवू नका, ती वाऱ्यात कोसळतात.

लाकूड विकायचं ते विका, पण जाड ओंडक्यांपैकी काही उताराला आडवे टाकून ठेवा. त्यांच्यामागे माती आणि पाला अडतो, खाली बेडूक, विंचू, भुंगेरे राहतात. हिवाळ्यात नवरंग पक्षी येतो तो याच पाल्यात चोच मारत फिरतो. रोयण (वाळवीचं वारूळ) दिसली तर तिला हात लावू नका. सातेरी देवीचं रूप म्हणून आपण तिला मानतोच, आणि श्रावणाच्या आगेमागे रोयणीवरची अळमी (अळंबी) त्याच वाळवीनं आत पिकवलेल्या बुरशीतून येतात.

फांद्या आणि पाला जाळायचा नाही. कामगार सवयीनं पेटवतात, आधीच बजावून ठेवा. आगीनं अकेशियाचं साठलेलं बी फुटतं आणि तुम्ही जपलेली रोपं पहिल्यांदा जातात. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात पेटलेल्या आगी तुम्हीही पाहिल्या असतील. हा सुका अकेशियाचा पाला फेब्रुवारी ते मे अगदी काडीची वाट पाहत पडलेला असतो. रस्त्याच्या बाजूनं दरवर्षी जानेवारीअखेर सहा-सात हात रुंद पट्टा झाडून साफ ठेवा.

पावसाळ्यातलं काम कंटाळवाणं आहे, पण रान त्यातूनच उभं राहतं. जून-जुलैत माती मऊ असते तेव्हा अकेशियाची रोपं दोन बोटांनी निघतात. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर कुदळ लागते. रानमोडी फुलायच्या आत, म्हणजे ऑक्टोबर संपण्याआधी, मुळासकट उपटायची. नुसती कापली तर दुप्पट फुटते. पहिली दोन वर्षं प्रत्येक खिडकीत तीनदा जावं लागतं, तिसऱ्या वर्षी एकदा, आणि मग किंदळाची सावली तुमचं काम करायला लागते.

काजूचं म्हणाल तर तोही पोर्तुगीजांबरोबर आलेला परदेशीच, पण मी त्याला हात लावलेला नाही. बोंडांवर कांडेचोर (उदमांजर) येतो, साळ (साळिंदर) येते, वटवाघळं येतात, आणि घरात चार पैसेही येतात. परदेशी म्हणून सरसकट काढायचं नाही. जे दुसऱ्याला उगवू देत नाही ते आधी काढायचं.

रोपं विकत आणून लावायचा मोह आवरा. जिथे दोन पावसाळ्यांनंतरही खाली काहीच देशी दिसत नाही, तिथेच लावा, आणि जवळच्या रानातल्या किंवा देवराईतल्या झाडाखाली पडलेलं बी गावाला विचारून गोळा करून लावा. व्हाळाकाठी पाणथळ जागा असेल तर तिथे काहीच करू नका. बांबरच्या निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातली झाडं पाण्यात मुळं वर काढून उभी आहेत, तसल्या जागा एकदा मोडल्या की परत होत नाहीत. आणि जमिनीचा वरचा भाग उघडा सडा (जांभ्या खडकाचं पठार) असेल तर तिथली अकेशिया काढा, पण तिच्या जागी झाड लावू नका. सड्यावर गवत आणि पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवं हीच तिथली संपत्ती.

या जुलैत आत जाऊन आलात की सापडलेल्या रोपांचे फोटो इथे टाका. पान वरून आणि उलटं करून, दोन्ही घ्या, आणि पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दिसू द्या. ओळखायला मी मदत करीन, इथले आणखीही चार जण करतील.