एम.एस्सी. नर्सिंग: कमी फीचं कॉलेज घेऊ की स्टायपेंड देणारं?

आधी प्रवेश कुठून मिळतोय ते बघा. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळाला, तर निकषात बसत असाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की ते दार बंद, मग कॉलेजचा क्लार्क काहीही सांगो.

स्टायपेंडचं म्हणाल तर आधी बॉण्डचा, म्हणजे शिकून झाल्यावर तिथेच काम करण्याच्या कराराचा, कागद मागा. माझ्या मैत्रिणीला महिना ८ हजार मिळायचे, पण बॉण्ड २ वर्षांचा आणि मूळ प्रमाणपत्रं कॉलेजच्या कपाटात. चांगली नोकरी चालून आली, तेव्हा ती प्रमाणपत्रं सोडवायलाच लाखभर गेले!

दोन वर्षांचा बुडणारा पगारही हिशेबात धरा, तो बहुतेक जण विसरतात. कर्ज काढायचंच असेल तर ७.५ लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत.